पाणबुड्या गेला, त्याचे नियम राहू द्या

मंडळी, तुमच्या गावात मोटर भरून देणारा कोण, जनावरांचा डॉक्टर कुठं राहतो, पाण्याचा पॉइंट कोण बघतो, हे विचारलं तर शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवील. पण विहिरीत बुडी मारून फुटव्हॉल काढणारा गडी कोण, असं विचारलं तर आता जरा डोकं खाजवावं लागतं. कोणी म्हातारा झाला, कोणी वारला, कोणाच्या पोरानं एमआयडीसीत काम धरलं. पाणबुडी मोटर आली आणि पाणबुड्याचं काम कमी झालं. कमी झालं, पण संपलं नाही. गावात कोणी बुडालं की पहिली हाक त्यालाच जाते.

उचगावच्या शिवारातला आमचा असाच एक मित्र काही वर्षांपूर्वी गेला. पाण्यात नव्हे, घरी, आजारपणानं गेला. घरच्यांना नाव छापून नको आहे, म्हणून इथं देत नाही. सगळं शिवार त्याला पाणबुड्याच म्हणायचं, आपणही तेच म्हणू. तो गेला तेव्हा चौकात फलक लागला, दोन दिवसांनी निघाला. एवढ्यावर आठवण संपू नये, म्हणून हे चार शब्द. त्याच्या धाडसाच्या गोष्टी पुष्कळ सांगता येतील. पण त्याचं खरं मोठेपण धाडसात नव्हतं, नियमात होतं. आणि ते नियम पाण्यात उतरणाऱ्यापेक्षा काठावर उभ्या असणाऱ्या तुमच्या-आमच्यासाठी जास्त आहेत.

डब्यापासून सुरुवात

पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकलायचं, ही आपल्याकडची पोहण्याची शाळा. पाणबुड्या त्याच शाळेतला. बाकीची पोरं मुटका मारण्यात दंग असायची, तेव्हा हा तळाचा दगड वर आणून दाखवायचा. पुढं इंजिनं आली, मोटरी आल्या, आणि ह्या खेळाचं काम झालं. पंपाच्या सक्शन पाइपाच्या टोकाला फुटव्हॉल असतो. त्याच्या जाळीत पाला, शेवाळ, चिंधी अडकली की पंप हवा धरतो, पाणी उचलत नाही. उसाची पाळी तोंडावर आलेली, लाइट रात्रीची, अशा वेळी पाइप वर ओढत बसण्यापेक्षा एक बुडी मारून जाळी साफ करणारा गडी म्हणजे देवमाणूस.

खाली दिसत काहीच नाही. गाळ ढवळला की डोळे असून नसल्यासारखे. सगळं काम हाताच्या बोटांनी. पडलेली घागर, पान्हा, पोरीच्या कानातलं, कधी अख्खी मोटर, सगळं त्यानं चाचपडत शोधून वर दिलं. आणि कधी माणूसही. वस्तूचे तो पैसे घ्यायचा, मागून घ्यायचा. माणूस काढला तर चहासुद्धा त्या घरचा घ्यायचा नाही.

आपल्याला वाटतं, पोहता येणं म्हणजेच सगळं. तसं नाही. पाण्याचं वजन असतं. दर ३३ फुटांना, म्हणजे १० मीटरला, अंगावर हवेच्या वजनाएवढा आणखी एक दाब चढतो. आठ-दहा फुटांवरच कानाचे पडदे दुखू लागतात. ३३ फुटांवर छातीतली हवा दाबून निम्म्या जागेत बसते. आपल्या चाळीस-पन्नास फुटी विहिरी भरल्या की तळाला हा सगळा हिशेब लागू होतो. पाणबुड्याला एका कानानं शेवटपर्यंत कमी ऐकू यायचं. ती त्याची कमाई.

आणखी एक गोष्ट पोरांना जरूर सांगा. बुडीआधी जोरजोरात श्वास घेतला की जास्त वेळ खाली राहता येतं, असा एक समज आहे. त्यानं हवा वाढत नाही. श्वास घ्यायला भाग पाडणारी आतली सूचना तेवढी उशिरा येते. सूचना येण्याआधीच शुद्ध हरपते आणि चांगला पोहणारा गडी आवाज न करता तळाला जातो. पट्टीचा पोहणारा बुडाला, असं आपण हळहळून म्हणतो, त्यातल्या काहींचं कारण हे असतं.

त्याचे चार नियम

पहिला नियम लाइटचा. "मोटर बंद हाय म्हणून सांगू नगा, फ्यूज माझ्या हातात द्या," असं तो म्हणायचा. पेटी बंद करून फ्यूज काढायचे, ते स्वतःच्या कपड्यांत गुंडाळून काठावर आपल्या माणसाजवळ ठेवायचे, मगच पाण्यात पाय. स्टार्टर बंद असला तरी केबल कुठं सोललेली असेल तर पाण्यात करंट उतरू शकतो. शिवाय लाइट येण्याजाण्याच्या वेळा ठरलेल्या नसतात आणि ऑटो स्विच तर मालकाला न विचारता मोटर चालू करतो. तेव्हा ऑटो आधी काढा.

दुसरा नियम हवेचा. जुनी, बंद पडलेली, कचरा टाकलेली विहीर असेल तर तो कंदील दोरीला बांधून आधी खाली सोडायचा. कंदील विझला की काम नाकारायचा. ही जुनी खूण आहे, पण आज आपल्याला तिची मर्यादाही माहीत आहे. ज्योत विझली म्हणजे प्राणवायू कमी, एवढंच कळतं. विषारी वायू असला तरी ज्योत जळत राहू शकते. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा वायू तर जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला, आता धोका टळला, असं माणसाला वाटतं आणि तिथंच घात होतो. शेणखड्डा, गोबरगॅसची टाकी, मळीची विहीर इथं तर कंदील सोडूच नका, भडका उडेल. विहिरीच्या आत उतरून डिझेल इंजिन चालवलं तर त्याच्या धुराचाही असाच फास बसतो.

तिसरा नियम दोराचा. कमरेला आणि छातीला दोर, दुसरं टोक काठावर दोन माणसांच्या हातात. एक ओढ म्हणजे ठीक, दोन म्हणजे ढील दे, भराभर ओढी म्हणजे वर घे. दोर झाडाला बांधून बिडी प्यायला जाणारा माणूस त्याला चालत नसे.

चौथा नियम जोडीदाराचा. एकट्यानं उतरायचं नाही. कितीही घाई असो. "आण्णा, हिरीला घाई चालत न्हाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

ऐकताना हे साधं वाटतं. पण हे नियम मोडले की काय होतं, ते बघायला लांब जायला नको. ९ एप्रिल २०२४ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. ती विहीर शेणाच्या मळीसाठी वापरात होती. मांजर काढायला एकजण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, त्याच्यामागं तिसरा. असे एकामागून एक उतरले आणि पाचजण गेले. एकजण वाचला. त्याच्या कमरेला दोर होता, म्हणून त्याला वर ओढता आलं. मंडळी, पाच जीव आणि एक दोर, यापेक्षा वेगळा धडा काय हवा?

जगातले पाणबुडे

आता तुम्ही म्हणाल, हे झालं गावठी बुडी मारणाऱ्यांचं. शिकलेल्यांकडं सिलिंडर असतात, त्यांना काय भीती? मालवण-तारकर्लीला जाऊन आपली पोरं हौसेनं स्कुबा करून येतात, फोटो दाखवतात. पाठीवर हवेची टाकी घेऊन मोकळं पोहण्याची ही युक्ती फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी १९४३ मध्ये तयार केली. त्या विद्येतही पहिला धडा जोडीदाराचाच आहे. जोडीदाराशिवाय पाण्यात जायचं नाही, वर येताना श्वास कोंडून धरायचा नाही, घाईनं वर यायचं नाही. श्वास कोंडून वर आलं तर छातीतली हवा फुगून फुप्फुस फाटतं. खोलवर बराच वेळ राहून झटकन वर आलं तर रक्तात मुरलेल्या वायूचे बुडबुडे होतात. म्हणून ह्या टाक्या शिकल्याशिवाय पाठीवर घेऊ नयेत. आणि टायरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून विहिरीत उतरणं तर निव्वळ आत्मघात. त्या हवेत तेलाची वाफ आणि धूर जातो.

शिकलेल्या पाणबुड्यालाही पाणी सोडत नाही. २०१८ सालची थायलंडची गोष्ट तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. २३ जूनला फुटबॉल खेळणारी बारा पोरं आणि त्यांचा प्रशिक्षक थाम लुआंग नावाच्या गुहेत गेले आणि पावसाच्या पाण्यानं आत अडकले. २ जुलैला दोन ब्रिटिश पाणबुडे त्यांच्यापर्यंत पोचले. पोरं जिवंत होती. पण बाहेर काढायचं तर वाटेत पाणी भरलेली भुयारं.

समन कुनान हा थायलंडच्या नौदलातून निवृत्त झालेला पाणबुड्या. त्याला कोणी हुकूम दिला नव्हता. विमानतळावर नोकरी करत होता, बातमी ऐकून जुन्या सोबत्यांच्या मदतीला आपणहून गेला. वाटेत जागोजागी हवेच्या टाक्या ठेवून यायच्या, हे त्याचं काम. टाक्या ठेवून परत येताना, ६ जुलैच्या पहाटे, त्याची शुद्ध हरपली. जोडीदारानं खूप प्रयत्न केले, पण तो वाचला नाही. १० जुलैपर्यंत तेराही जण सुखरूप बाहेर आले. समन गेल्याचं पोरांना काही दिवसांनी दवाखान्यात सांगितलं. तेव्हा ती रडली, आणि त्याच्या चित्राभोवती सगळ्यांनी आपापल्या हातानं आभाराचे शब्द लिहिले. आज त्या गुहेजवळ त्याचा पुतळा उभा आहे. त्याच मोहिमेत काम केलेला बेरूत पाकबारा हा दुसरा थाई पाणबुड्या तिथं जडलेल्या रक्ताच्या संसर्गानं डिसेंबर २०१९ मध्ये गेला.

या गोष्टीत आपल्याकडच्या माणसांचाही वाटा आहे. गुहेतलं पाणी उपसल्याशिवाय पाणबुड्यांना वाट मिळत नव्हती. आपल्या विहिरींवर ज्या नावाचे पंप पिढ्यान्‌पिढ्या बसलेत, त्या किर्लोस्कर ब्रदर्स कंपनीचे तज्ज्ञ भारतीय वकिलातीच्या शिफारशीनं ५ जुलैपासून तिथं हजर होते. पाणी कसं उपसावं, पंप कसे चालवावेत, याचा सल्ला त्यांनी दिला. शेजारच्या पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात चार मोठे पंप विमानानं पाठवायच्या तयारीत ठेवले होते. म्हणजे बघा, आत पाणबुडे आणि बाहेर पंपवाले, दोघं मिळून काम झालं.

बंधाऱ्याचं पाणी ओळखा

आपल्या राज्यातही अशी आठवण ताजी आहे. २२ मे २०२४ ला अकोले तालुक्यातल्या सुगावला प्रवरा नदीत दोन तरुण बुडाले. दुसऱ्या दिवशी धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी शोधाला आली. बंधाऱ्याजवळच्या भोवऱ्यात त्यांची बोट उलटली. पोलीस उपनिरीक्षक प्रकाश शिंदे, जवान वैभव वाघ आणि राहुल पावरा हे तिघे त्यात गेले. त्यांना वाट दाखवायला बोटीत बसलेला एक स्थानिक माणूसही गेला. शिकलेली माणसं, हाताशी साधनं, तरी पाण्यानं गाठलं.

हे आपल्याला जास्त लागू आहे, कारण बंधारे म्हणजे आपलंच वैभव. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ह्या नावातच आपला जिल्हा आहे. पंचगंगेवर, भोगावतीवर, दूधगंगेवर ते ठायी ठायी आहेत. बंधाऱ्यावरून पाणी खाली पडतं तेव्हा पायथ्याशी ते उलटं वळतं आणि वर तरंगणारी वस्तू परत भिंतीकडं ओढतं. लाकडाचा ओंडका तिथंच गिरक्या घेताना तुम्ही पाहिला असेल. माणसाचं आणि बोटीचंही तेच होतं. वरच्या अंगाला धोका वेगळा. काही बरगे काढलेले असतील तर त्या फटीकडं पाण्याची ओढ एवढी असते की तिथं अडकलेला माणूस सुटत नाही. म्हणून बंधाऱ्याजवळ कोणी बुडालं असेल तर बोट किंवा माणूस पाण्यात घालण्याआधी पाटबंधारे खात्याला कळवा आणि पाणी कमी होण्याची वाट बघा. गेलेल्याला काढायला जाताना जिवंत माणूस गमावू नका.

ग्रामपंचायतीनं काय करावं

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील मंडळींनी हे कात्रण कार्यालयात लावावं, अशी विनंती आहे. राष्ट्रीय दलाची तुकडी पुण्याहून आणि राज्याची धुळ्याहून येणार. त्यांनी कितीही घाई केली तरी काही तास जाणार. हवेवाचून माणसाच्या मेंदूला इजा व्हायला चार-पाच मिनिटं पुरतात. तेव्हा पहिली मदत गावचीच.

एक. गावात पाण्यात उतरणारे कोण आहेत, त्यांची नावं, वयं आणि फोन नंबर एका वहीत लिहा. त्यांना तालुक्यात आपत्तीचं प्रशिक्षण निघालं की आधी पाठवा. दारू प्यायलेल्या माणसाला, कितीही पट्टीचा असला तरी, उतरू देऊ नका.

दोन. ऐंशी-शंभर फुटांचा जाड दोर, छातीला बांधायचा पट्टा, दोन-तीन लाइफ जॅकेट, एक हवेची रिंग एवढं सामान पंचायतीत ठेवा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून सतरा माणसं गेली, ते विसरू नका. सामान कुलपात असेल तर किल्ली कोणाकडं आहे ते दारावर लिहा.

तीन. पडक्या विहिरींची यादी करा. उचगाव आता शहराला खेटलं आहे. महामार्गाच्या कडेनं, गांधीनगरच्या बाजूनं शेताचे प्लॉट झाले, ऊस गेला, पण जुन्या विहिरी कुठं कुठं घरांच्या मधोमध राहिल्या. त्यात कचरा पडतो, सांडपाणी मुरतं. अशा विहिरीला आमचा मित्र सर्वांत जास्त भ्यायचा. "पाण्यानं भरलेली हीर बरी, कचऱ्यानं भरलेली नगं," असं म्हणायचा. जी वापरात नाही ती कायदेशीर रीतीनं बुजवा, जी ठेवायची तिला छातीएवढा कठडा आणि वर जाळी करा.

चार. विमा बघा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत पाण्यात बुडून मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात, पण ते खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका व्यक्तीसाठी. विहिरीत उतरणारा गडी बऱ्याचदा भूमिहीन असतो. त्याच्या नावावर सातबारा नाही, म्हणून ही योजना त्याला नाही. दुसऱ्याच्या विहिरीत जीव धोक्यात घालणाऱ्याच्या घरी मागं काहीच राहू नये, हा कुठला न्याय? त्याला बँकेत नेऊन पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरून घ्या. वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. दर वर्षी १ जूनच्या आधी खात्यात पैसे आहेत का, ते ग्रामसेवकांनी एकदा विचारावं.

पाच. माणूस वर काढला की काय करायचं, ते सर्वांना माहीत असू द्या. पालथं घालून पोट दाबणं, पाय धरून उलटं टांगणं, गरगर फिरवणं हे सगळं बंद करा, त्यात वेळ जातो आणि इजा होते. उताणं निजवा, तोंडातला गाळ काढा, श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्या आणि छातीच्या मधोमध जोरानं, भराभर दाब देत राहा. एकानं १०८ ला फोन करावा. पोलिसांसाठी ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७.

आणि कोणी डोळ्यांदेखत बुडत असेल तर सर्वांत आधी उडी मारू नका. आधी फेका. दोर, रिकामा कॅन, पाइप, धोतर, साडी, जे हाताला लागेल ते. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात.

आमच्या पाणबुड्याच्या हातून किती जीव वाचले, किती गेलेले सापडले, याची नोंद कुठंच नाही. आता ती होणारही नाही. त्यानं शिकवलेल्यांपैकी दोघं-तिघं पोरं मात्र अजून शिवारात आहेत. तुमच्याही गावात असतील. पुढच्या वेळी तुमचा फुटव्हॉल अडकला आणि त्यांना हाक मारलीत, तर आधी ऑटो काढा, पेटी बंद करा, फ्यूज त्यांच्या हातात ठेवा. दोर धरायला स्वतः उभे राहा आणि गडी वर येईपर्यंत जागा सोडू नका.